सतरा नंबरचा फॉर्म

नम्रताने कॉम्प्युटरवरची ओळ तीनदा वाचली, तरी तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

"हा माणूस वेडा आहे का हो?" तिने हेरंबला विचारलं.

हेरंब हसला. दाढी ठेवलेला, खांद्यावर कायम कापडी पिशवी अडकवलेला हा पोरगा सायकलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होता. परळच्या एका जुन्या कार्यालयात संस्थेच्या दोन खोल्या होत्या आणि तिथे गेले तीन महिने एक सर्वे चालला होता. लालबाग, परळ, भोईवाडा, नायगाव, वडाळा, अँटॉप हिल या पट्ट्यात माणसाला सायकलवरून कुठे कुठे पोचता येतं, ते मोजायचं. दवाखाना, शाळा, बाजार, वाचनालय, मैदान अशी चौतीस ठिकाणं ठरवली होती. रस्त्यांचे तुकडे पाडले होते आणि प्रत्येक तुकड्याला एक ते चार आकडे द्यायचे होते. चार म्हणजे सायकलवाल्याने इथे पाऊल टाकू नये. एक म्हणजे दहा वर्षांचं मूल इथून एकटं जाऊ शकेल.

नम्रता नऊ नंबरची सर्वेक्षक होती. नावं कुणाचीच नव्हती, फक्त नंबर. एकाच्या मताचा दुसऱ्यावर परिणाम नको म्हणून एकच तुकडा दोघांना वेगवेगळा मोजायला द्यायचे.

लालबाग ते अँटॉप हिल या वाटेचे बावीस तुकडे नम्रताने मोजले होते. त्यातल्या एकोणिसांना तिने चार दिला होता. आणि तेच बावीस तुकडे मोजणाऱ्या सतरा नंबरने वीसांना एक दिला होता.

एक! भोईवाड्याच्या त्या उतारावर, जिथे टँकर वळताना मागचं चाक फुटपाथवर चढतं, तिथे दहा वर्षांचं मूल? एकटं?

"तुम्ही हे बघा ना मॅडम," हेरंबने दोन नकाशे शेजारी शेजारी उघडले. "तुमचे आकडे धरले तर लालबागच्या मुलाला चौतीसपैकी दोन ठिकाणी जाता येतं. एक शाळा, एक दवाखाना. सतरा नंबरचे धरले तर एकोणतीस. लालबाग तेच, नकाशे दोन."

पहिला नकाशा जवळजवळ सगळा लाल होता. दुसरा हिरवागार. नम्रताला तो हिरवा रंग बघूनच कसंतरी झालं. उद्या हा नकाशा कुणी आईबाप बघतील, पोरांना सोडतील आणि मग?

सतरा नंबरने शेऱ्यांच्या रकान्यात जे लिहिलं होतं त्याने तर ती आणखीच भडकली. 'सहाला दूधवाला असतो, बघतो.' 'गॅरेजचा मुस्तफा गाडी मागे घेताना आधी ओरडतो.' 'वॉचमन गेट उघडतो, सोसायटीतून आरपार जावे.'

"हा रस्त्याचा सर्वे आहे की शेजाऱ्यापाजाऱ्यांचा?"

"नियम तुम्हाला माहितीये," हेरंब म्हणाला. "दोन आकड्यांपेक्षा जास्त फरक पडला, की दोघांनी त्या जागेवर एकत्र जायचं आणि एक आकडा ठरवायचा. रविवारी सकाळी सव्वासहा, वडाळ्याच्या अलीकडे तो पुलाखालचा चौक आहे, तिथे. सतरा नंबरला मी कळवलंय." मग तो म्हणाला, "गंमत बघा, त्या चौकाला मात्र तुम्ही दोघांनीही चारच दिलाय. अख्ख्या वाटेवर तेवढीच एक जागा, जिथे तुमचं जुळलं."

नम्रताने वाचलं. तिथे सतरा नंबरचा शेरा होता, 'इथे कोणीच उभं नसतं.'

*

नम्रता या सर्वेत शिरली ती सायकलच्या प्रेमापोटी नव्हे. तिला स्वतःला सायकल येतही नव्हती. ती शिरली होती 'नाही' म्हणायला.

तिची अनुजा अकरा वर्षांची. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत एका हॉलमध्ये ज्युडोचा वर्ग चालतो, तिथे मंगळवार, गुरुवार, रविवार साडेसहाला पोरीचा सराव. जिल्ह्याच्या निवडीत नाव आलं होतं आणि आता सर म्हणत होते, एक तारखेपासून रोज यावं लागेल, नाहीतर जागा दुसरीला. बस सकाळी एकतर वेळेवर येत नाही आणि आली तर मध्ये बदलावी लागते. आजपर्यंत तीन दिवस आजी घेऊन जायची. पण मागच्या महिन्यात आजीने गुडघ्यावर हात ठेवून सांगून टाकलं होतं, "रोज नाही जमायचं बाई मला. पोरीला सायकल घेऊन द्या, जाईल एकटी."

"एकटी?" नम्रताच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली होती.

त्या दिवसापासून घरात एकच विषय. अनुजा रडली, अबोला धरला, जेवली नाही. नवरा विनीत औषधांच्या कंपनीत आलटून पालटून पाळ्या करणारा. त्याने "तुम्ही बायकांनी ठरवा" म्हणून अंग काढून घेतलं. शेवटी नम्रता म्हणाली होती, "मी स्वतः मोजून येते. मग आकड्यानिशी सांगते, का नाही ते." आणि दर शनिवारी दहा वाजता, हातात फॉर्म घेऊन, फुटपाथवर उभी राहून तिने रस्ता मोजला होता. एक तारखेला आता चार दिवस राहिले होते.

सासूबद्दल, म्हणजे कमलाबाईंबद्दल, नम्रताची तक्रार तशी काही नव्हती. अडुसष्ट वर्षांची बाई, पहाटे पाचला उठून बुद्धवंदना म्हणायची, साडेपाचला "फिरून येते" म्हणून बाहेर पडायची. ज्युडोच्या दिवशी जरा उशिरा, अनुजाला घेऊन. परत आली की तिच्या कपड्यांना मिरचीचा वास यायचा. नम्रताला जवळ गेलं की शिंक यायची. लालबागमध्ये मसाल्याच्या गल्लीवरून जाणाऱ्याला वास लागतोच, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला होता.

कमलाबाई मूळच्या माणगावकडच्या. अठराव्या वर्षी लग्न होऊन लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आल्या. नवरा रामदास गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचा. संप झाला, गिरणी गेली आणि रामदास घरात भिंतीकडे तोंड करून बसू लागला, तेव्हा कमलाबाईंनी नायगावच्या एका प्रसूतिगृहात आयाची नोकरी धरली. पहाटे साडेपाचची पाळी. त्या वेळी बस नाही. मग त्यांनी भायखळ्याच्या एका दुकानातून जुनी लेडीज सायकल आणली आणि मैदानावर रात्रीची शिकून घेतली. चाळीतल्या गॅलऱ्यांतून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पुरुष शिट्या मारायचे. एकदा कुणीतरी सीटवर कुंकू सांडून ठेवलं, तर कमलाबाईंनी ते फडक्याने पुसलं आणि त्या म्हणाल्या, "कुणाचं असेल त्याने घरी न्या, वाया नका घालवू."

पुढची अठ्ठावीस वर्षं त्या सायकलवरून गेल्या. लालबाग-परळातली किती पोरं त्यांच्या हातांवर पडली, याचा त्यांनाच पत्ता नसेल. डॉक्टर नाळ कापायचे, पहिली आंघोळ कमलाबाई घालायच्या. रस्त्याने चालताना चाळिशीचा टक्कल पडलेला माणूसही त्यांना बघून विडी मागे लपवायचा.

तीन वर्षांपूर्वी त्या घरासमोरच पडल्या. मनगटाला प्लास्टर. तेव्हा नम्रताने हात जोडले होते, "आई, आता बास." दुसऱ्या दिवशी जिन्याखालची सायकल दिसली नाही. भंगारवाल्याला दिली असणार, असं नम्रता धरून चालली.

*

रविवारी ती पावणेसहाला निघाली. "सर्वेला जाते," म्हणाली. कमलाबाई केस विंचरत होत्या. अनुजा बूट घालत होती. "आम्ही पण निघतोच," कमलाबाई म्हणाल्या. "तू हो पुढे."

टॅक्सीने ती सहा दहाला पुलाखाली पोचली. उजाडत होतं. पुलाचे जाडजूड खांब, त्यांच्यामध्ये पडलेला काळोख, कोपऱ्यात कुणाचं तरी तुटलेलं कपाट. तीन बाजूंनी रस्ते येत होते आणि सिग्नल पिवळा लुकलुकत होता. एक ट्रेलर शिवडीच्या गोदामांकडून धडधडत आला आणि वेग कमी न करताच वळला. दुकान नाही, टपरी नाही, माणूस नाही. खरंच, इथे कोणीच उभं नसतं.

तिला आधी वास आला. मिरचीचा. मग शिंक. आणि शिंक ओसरून तिने डोळे उघडले, तर समोरून पंजाबी ड्रेस घातलेली, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पांढऱ्या केसांची एक बाई सायकलवरून येत होती. चौकाच्या आधीच ती उतरली, सायकल हातात धरून चालत पलीकडे आली आणि नम्रतासमोर येऊन तिने स्टँड लावला.

ती कमलाबाई होती.

कमलाबाईंनी कुर्त्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. वर पेनाने '१७' लिहिलं होतं.

"हेरंबने मला नऊ नंबरचे फॉर्म दाखवले, तेव्हा पहिल्याच फॉर्मला कळलं, ही तू आहेस," त्या म्हणाल्या. "'इथे मुलाला सोडणारी आई वेडी असेल.' असं दुसरं कोण लिहिणार?"

"आई, तुम्ही... सायकल... तुम्ही म्हणालात फिरायला जाते!"

"फिरायलाच जात होते. पायी की सायकलवर, ते तू कधी विचारलंस? मसाल्याच्या गल्लीत वैभवची कांडपाची गिरणी आहे ना, तिथे ठेवते सायकल. पोत्यांमागे."

नम्रताच्या डोक्यात तीन वर्षांचा मिरचीचा वास एकदम उलगडला. पण त्यामागोमाग दुसरीच गोष्ट डोक्यात शिरली.

"आई, अनुजा कुठे आहे?"

कमलाबाईंनी आल्या रस्त्याकडे पाहिलं.

"आई! अनुजा बसमध्ये आहे ना? तुमच्याबरोबर होती ना?"

"बसने आम्ही चार महिन्यांत एकदाही गेलो नाही, नम्रता. तिच्याकडे वैभवच्या पुतणीची सायकल आहे. ती पुढे, मी दोनशे पावलं मागे. मी उगाच एक नाही दिला. मुलाला सोडलं, बघितलं आणि मग दिला."

"आणि आज? आज मागे कोण आहे?"

"आज कुणी नाही," कमलाबाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदा."

नम्रता धावणारच होती. कमलाबाईंनी तिचं मनगट धरलं. आयुष्यभर ओली, निसटती पोरं घट्ट पकडलेला हात तो, सुटेना.

"सोडा मला!"

"ऐक. ती आलीच आहे. हाक मारू नकोस. हाक मारलीस तर वळून बघेल, आणि वळून बघितलं तर तोल जाईल. गप उभी राहा खांबाआड."

उताराच्या टोकाला एक ठिपका दिसला. पिवळं जॅकेट. नम्रताने ते स्वतः धुऊन कालच दोरीवर वाळत घातलं होतं. अनुजा. एवढीशी दिसत होती. त्या रुंद रस्त्यावर ती कुठल्याही गाडीच्या चाकापेक्षा लहान वाटत होती. तिच्यामागून एक टेम्पो आला, हॉर्न वाजवला. अनुजाने हात दाखवला, कडेला झाली, टेम्पो पुढे गेला. मागोमाग एक बस. बस तिच्या इतक्या जवळून गेली की पोरगी क्षणभर दिसेनाशीच झाली. नम्रताने दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. डोळे मिटावेसे वाटत होते आणि मिटवतही नव्हते.

बस निघून गेली. पिवळं जॅकेट तिथेच होतं.

चौकाशी आल्यावर अनुजा उतरली. सायकल हातात धरली. उजवीकडे बघितलं, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. एक ट्रेलर येत होता, तो जाईपर्यंत थांबली. थांबल्या थांबल्या बुटाच्या टोकाने पेडल गोल गोल फिरवत होती, घरी जेवायला वाढेपर्यंत टेबलाचा पाय हलवत बसते ना, अगदी तशी. मग सरळ चालत रस्ता ओलांडला, सीटवर बसली आणि वडाळ्याच्या दिशेने निघून गेली. खांबामागे आई आणि आजी उभ्या आहेत, हे तिच्या गावीही नव्हतं.

नम्रता तिथेच खांबाच्या कठड्यावर बसली.

"मेली असती तर?" शेवटी ती म्हणाली.

कमलाबाई तिच्याशेजारी बसल्या. "हो," त्या म्हणाल्या. "हा प्रश्न मी पण रोज विचारते. म्हणून तर मागे जायची."

"मला न सांगता!"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

नम्रता उठली आणि पर्समधला आपला फॉर्म तिने बाहेर काढला.

*

नियम होता म्हणून दोघी परत पायी निघाल्या, एकेक तुकडा बघत. कमलाबाई सायकल हातात धरून, नम्रता दोन पावलं अंतर ठेवून. नम्रताने ठरवलं होतं, एकालाही एक द्यायचा नाही.

पण पहिल्याच वळणावर दूधवाला म्हणाला, "मावशी, गेली पोरगी. सहा-दहाला. आज एकटीच?" आणि नम्रताकडे बघून, "या कोण?"

"तिची आई."

"अच्छा, अच्छा! वहिनी, तुमची पोरगी एकदम शिस्तीची. रोज हात दाखवते."

रोज. नम्रताला दुसऱ्यांदा धक्का बसला आणि तो पहिल्यापेक्षा खोल होता. गॅरेजच्या मुस्तफाने हात वर केला, "गेली, खाला." सोसायटीचा वॉचमन गेट उघडून उभाच होता. भोईवाड्याला इस्त्रीवाली बाई म्हणाली, "अनुजाची आई का? मला वाटायचं, आई नोकरीला बाहेरगावी असते." दूधवाल्याला माहीत. मुस्तफाला माहीत. वॉचमनला माहीत. लालबाग ते वडाळा, सगळ्या वाटेला माहीत होतं की तिची मुलगी सायकल चालवते, कुठे थांबते, कुठे हात दाखवते. माहीत नव्हतं फक्त तिला.

"विनीतला?" तिने विचारलं.

कमलाबाई सायकल ढकलत पुढे झाल्या. म्हणजे त्यालाही.

मसाल्याच्या गल्लीत वैभव गिरणीच्या दारात पोती रचत होता. चाळिशीचा, पोट सुटलेला गडी, नाकाला रुमाल. नम्रताला बघून तो जागच्या जागी थिजला. "वहिनी... मी मावशींना नाय म्हणू शकत नाय. मला पहिली आंघोळ यांनी घातलीय, आई अजून सांगते."

"ते असू दे," नम्रता म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा लागला होता. एक गोष्ट तिच्या मनात कधीपासून टोचत होती. "मला सांगा, परत कशी येते ती? सव्वासात, साडेसातला? तेव्हा तर सगळा ट्रॅफिक सुरू झालेला असतो."

वैभवने कमलाबाईंकडे बघितलं. कमलाबाईंनी सायकलच्या घंटीवरची धूळ ओढणीने पुसायला सुरुवात केली.

"आई?"

"परत..." कमलाबाई म्हणाल्या, "वैभवचा टेम्पो वडाळ्याच्या बाजारात माल टाकायला जातो. परतीचा रिकामाच असतो. ड्रायव्हर त्यात सायकली टाकतो."

"म्हणजे जायला एक नंबर. आणि यायला?"

"यायला टेम्पो."

चार महिने. हिरवागार नकाशा. एकोणतीस ठिकाणी मूल पोचेल, पण परत घरी येणार नाही, याचा रकानाच फॉर्ममध्ये नव्हता.

"तू दहाला मोजलंस," कमलाबाई हळूच म्हणाल्या. "मी सहाला. रस्ता तोच नसतो, नम्रता. दोघी खोटं बोलत नव्हतो."

"पण तुम्ही लिहिलं नाहीत, टेम्पो."

"नाही लिहिलं," त्यांनी कबूल केलं. नम्रताने लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत त्यांना पहिल्यांदा खाली बघताना पाहिलं. "लिहिलं असतं तर पोरीची जागा गेली असती."

गिरणीच्या पायरीवर बसून, मिरचीच्या धुळीत शिंकत, दोघींनी एक फॉर्म भरला. नम्रताने वेळ विचारून वेळ लिहिली. सकाळी सहा ते साडेसहा, जाताना, कमलाबाईंचे वीसही तुकडे, दोन. परतताना, साडेसातनंतर, चार. पुलाखालचा चौक दोन्ही वेळा चार, शेरा, 'उतरून, सायकल हातात धरून.'

"दोन का गं?" कमलाबाई म्हणाल्या. "तू बघितलंस ना तिला आत्ता."

"बघितलं. म्हणूनच दोन. एक मी कधीच देणार नाही."

कमलाबाईंनी त्यावर वाद घातला नाही. सही केली. नम्रताने केली तेव्हा 'म्र' वर शाई पसरली.

सोमवारी तिने सरांना फोन करून सांगितलं, अनुजा एक तारखेपासून रोज येईल, परत मात्र टेम्पोने येईल. सरांना टेम्पोचं काही कळलं नाही. कमलाबाईंशी ती दोन दिवस कामापुरतंच बोलली. विनीतशी तेवढंही नाही.

एक तारखेला सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी तिचा फोन वाजला. वैभव. "वहिनी, निघाली." मग मुस्तफा, त्याने "वो गयी" म्हणून लगेच ठेवला. मग दूधवाला. कमलाबाईंनी सगळ्यांना तिचा नंबर देऊन ठेवला होता. पण त्यानंतर फोन येणार नव्हता. पुलाखाली कोणीच उभं नसतं.

म्हणून नम्रता तिथे उभी होती. खांबाच्या अलीकडे, आडोशाला नव्हे, उघड्यावर, ऑफिसची पर्स काखेत, मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे.

पिवळं जॅकेट आलं. उतरलं. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघताना ते एकदम थांबलं.

"आई? तू इथे काय करतेस?"

"सर्वे," नम्रता म्हणाली. "चल, बघत काय बसलीस, ट्रेलर येतोय. आधी तो जाऊ दे."